घरची टांकसाळ

प्रत्येक घरांत दोन प्रकारची मराठी बोलली जाते. एक ओटीवरची, ती पाहुण्यारावळ्यांशीं, दुकानदाराशीं व गुरुजनांशीं बोलावयाची आणि पत्रांत लिहावयाची. दुसरी माजघरांतली. हिच्यांतील कित्येक शब्द त्या घरांतच जन्मास आलेले असतात, आणि म्हणून घराचा उंबरठा ओलांडतांच त्यांचा अर्थ नाहींसा होतो. मित्रमंडळाचीहि हीच गोष्ट आहे. एका बाकावर दोन वर्षें शेजारीं बसलेल्या दोन विद्यार्थ्यांचें बोलणें तिसऱ्यानें कान देऊन ऐकलें, तर प्रत्येक शब्द मराठी असूनहि अर्ध्या वाक्यांचा अर्थ त्याला लागणार नाहीं. एखाद्या परिचित वागणुकीला, खोडीला किंवा संवयीला त्या दोघांनीं आपलें असें कांहीं नांव दिलेलें असतें, व त्या नांवामागचा इतिहास त्या दोघांनाच ठाऊक असतो.

या घरगुती शब्दांविषयीं वडील मंडळींचें व आम्हां शिक्षकांचें मत सामान्यतः प्रतिकूल असतें. ‘हा शब्द कोणत्या कोशांत आहे?’ असा प्रश्न आम्ही विचारतों, आणि कोशांत नाहीं म्हणून तो अशुद्ध, असा निकाल देऊन मोकळे होतों. प्रस्तुत लेखकाचें मत निराळें आहे. घरांत व मित्रांत नवे शब्द पडावेत, ही भाषेच्या आणि मनाच्याहि निरोगीपणाची खूण होय. परंतु जो टांकसाळ उघडतो त्याच्यावर नाण्याची जबाबदारी येते. शब्द कोशांत आहे कीं नाहीं याची जितकी चौकशी आपण करतों, तितकी त्या शब्दानें कोणाचें काय झालें याची करीत नाहीं. या दुसऱ्या चौकशीकडे विद्यार्थ्यांचें व पालकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हे शब्द जन्मतात कसे तें पाहूं. कोणी मुद्दाम बसून ते घडवीत नाहीं. पाहुणे ‘बरें, येतों आतां’ म्हणून उठतात, वहाणा पायांत घालतात, आणि दोन तासांत न निघालेला विषय नेमका दारांत निघतो. मग अर्धा तास सर्वजण उभेच! एका घरांत या प्रकाराला ‘उंबरठा-परिषद’ म्हणतात. ‘परिषद भरली आहे, भाताखालची आंच कमी कर,’ एवढें आईनें म्हटलें कीं आंतल्या मुलीला सर्व समजतें. दुसऱ्या एका घरांतील मामा ‘पांच मिनिटांत आलों’ म्हणून जे जात, ते तासाभरानें उगवत. त्या घरांत तेव्हांपासून कालमापनाचीं दोन परिमाणें आहेत, घड्याळाचीं पांच मिनिटें आणि मामांचीं पांच मिनिटें. ‘जेवायला किती वेळ आहे?’ असें कोणी विचारलें तर खुद्द मामाच विचारतात, ‘कोणतीं पांच मिनिटें सांगूं?’ तिसऱ्या घरांतील चिरंजिवांना पुस्तक उघडतांच पाणी प्यावेंसें वाटतें. त्याला तेथें ‘अभ्यासाची तहान’ असें नांव आहे. वडिलांनीं नुसतें ‘तहान लागली वाटतें?’ म्हटलें कीं मुलगा हंसून पुन्हा पुस्तकाकडे वळतो.

या तीनहि शब्दांत एक गुण समान आहे. ज्या वागणुकीला कोशांत नांव नव्हतें, पण जी रोज डोळ्यांसमोर घडत होती, तिला त्यांनीं नांव दिलें. नांव मिळतांच ती वागणूक ओळखूं येऊं लागली, आणि ओळखूं आल्यामुळें तिच्यावर रागावण्याऐवजीं हंसतां येऊं लागलें. शिकवणीचें मोठें व्याख्यान जें करीत नाहीं, तें असा एक शब्द करतो. व्याख्यानांत बोलणारा वर उभा असतो व ऐकणारा खालीं बसलेला असतो. घरच्या शब्दांत दोघेहि एकाच पंक्तीला बसलेले असतात.

हें कांहीं आपल्याच देशांत घडतें असें नाहीं. ताटांतला शेवटचा लाडू सर्वांना हवा असतो आणि कोणीच घेत नाहीं. त्या शेवटच्या तुकड्याला स्पेन देशांतील लोक ‘लाजेचा तुकडा’ म्हणतात. इंग्रजांच्या घरीं अकस्मात् पाहुणे आले व अन्न कमी पडेलसें वाटलें, तर यजमानीण हळूच ‘एफ्. एच्. बी.’ हीं तीन अक्षरें उच्चारी. ‘फॅमिली होल्ड बॅक’, म्हणजे घरच्यांनीं हात आंखडता घ्यावा, असा त्यांचा अर्थ. पाहुण्यांना संकोच न होऊं देतां मुलांना संयम सांगावयाचा, ही केवढी नाजूक गोष्ट! ती तीन अक्षरांनीं साधत असे. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो (१७१३–१७८४) हा एकदां एका मेजवानींत कोणाच्या तरी शेऱ्यानें निरुत्तर झाला. अशा माणसाला उत्तर सुचतें तें जिना उतरून खालीं गेल्यावर, असें त्यानें पुढें लिहिलें. त्यावरून प्रसंग टळल्यावर सुचणाऱ्या उत्तराला फ्रेंच भाषेंत ‘जिन्यावरची बुद्धि’ म्हणूं लागले, आणि जर्मनांनींहि तो वाक्प्रचार आपल्या भाषेंत उचलला. परीक्षेचा हॉल सोडल्यावर पायरीवर ज्यांना उत्तर आठवतें, त्या आपल्या विद्यार्थ्यांना या शब्दाचा अर्थ विस्तारानें सांगावयास नको.

यांत सर्वांत मौजेचें उदाहरण ग्लिन घराण्याचें आहे. या घराण्यांतील दोघी बहिणींचे विवाह २५ जुलै १८३९ रोजीं वेल्समधील हॉर्डन येथें एकाच दिवशीं झाले. एकीचे पति पुढें चार वेळां पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन, व दुसरीचे लॉर्ड लिटल्टन. ग्लिन मंडळी आपसांत जी भाषा बोलत ती बाहेरून आलेल्याला उमगण्यासारखी नव्हती. तेव्हां लिटल्टन यांनीं सासरच्या या भाषेचा चक्क एक कोश रचला व १८५१ सालीं तो खाजगी रीतीनें छापून काढला. थंड पाण्यांत स्नानास उतरण्यापूर्वीं पोटांत जी धास्ती उठते, तिचें नांव ग्लिन मंडळींनीं कोणत्याहि मोठ्या प्रसंगापूर्वींच्या मनःस्थितीला दिलें होतें. भाषण करावयास उठण्यापूर्वीं, परीक्षेची प्रश्नपत्रिका हातीं पडण्यापूर्वीं आपल्यालाहि तेंच होतें. फक्त आपल्याजवळ त्याला नांव नाहीं. ग्रीक व लॅटिन यांत पारंगत असलेल्या एका विद्वानाला घरच्या पोरकट शब्दांचा कोश करण्यांत कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आणि दूर कशाला जावें? आज आपण ज्या म्हणी व वाक्प्रचार भाषेचें भूषण म्हणून पाठ करवून घेतों, ते आले कोठून? ‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ हें प्रथम कोणत्या तरी घरीं, कोणत्या तरी विसराळू माणसाला उद्देशूनच बोललें गेलें असलें पाहिजे. ‘वरातीमागून घोडें’ हें ज्या वरातींत घडलें, ती कोणत्या तरी गांवचीच वरात असेल. ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणणारानें मूळ खेळ सुरू होण्याची वाट पाहतां पाहतां जांभया दिल्या असतील. मातीच्या पाट्या मोजून टाकावयाच्या व संध्याकाळीं मजुरी घेऊन घरीं जावयाचें, मन घालावयाचें नाहीं. या कामावरून ‘पाट्या टाकणें’ हा शब्दप्रयोग आला, आणि आज तो कचेरींतल्या कारकुनाला, व क्षमा असावी, वर्गांतल्या शिक्षकालाहि लागू पडतो. ‘दांडी मारणें’ ही मूळची तराजू धरणाराची लबाडी. ती विद्यार्थ्यांच्या हातीं पडून शाळा चुकविण्याची झाली. थोडक्यांत, आजची म्हण म्हणजे कालची कोणाची तरी घरगुती थट्टा होय. हजारों थट्टा घरच्या घरींच विरून गेल्या. ज्यांच्यांत दुसऱ्या घरालाहि आपलें चित्र दिसलें, त्या गांवभर झाल्या व टिकल्या.

कोशकारांनीं हें ओळखलें होतें. मोल्सवर्थ यांनीं कँडी बंधूंच्या साहाय्यानें रचिलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं झाली. त्यांत ग्रंथांतल्या शब्दांबरोबर बाजारांतले, शेतांतले व चुलीजवळचे शब्दहि आदरानें नोंदलेले आहेत. पुढें दाते व कर्वे यांनीं ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध केला, त्याचे दोन भाग १९४२ व १९४७ सालीं प्रसिद्ध झाले. लोकांच्या तोंडचें हें धन त्यांनीं वेंचलें नसतें, तर आज आपण किती दरिद्री असतों! आपल्या काळांतहि ही टांकसाळ बंद पडलेली नाहीं. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’ या १९६२ सालच्या पुस्तकांतील ‘नारायण’ वाचल्यापासून मराठी लग्नघरांत जो मनुष्य विडे, वाजंत्री, बस्ता व बिछायत या सर्वांच्या मागें धांवत असतो, त्याला लोक कौतुकानें ‘आमचा नारायण’ म्हणतात.

घरच्या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मुलें मोठीं होऊन घर सोडून जातात तेव्हां कळतो. नातालिया गिन्झबुर्ग या इटालियन लेखिकेनें १९६३ सालीं आपल्या माहेरच्या आठवणींचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्याला ‘कौटुंबिक शब्दसंग्रह’ अशा अर्थाचें नांव दिलें. तुरीन शहरांतील पांच भावंडांचें हें घर. वडील प्राध्यापक व तापट. त्यांच्या रागाचे शब्द, आईच्या आवडत्या गोष्टी, पाहुण्यांचीं विचित्र वाक्यें, हें सर्व मुलांना तोंडपाठ. पुढें मुसोलिनीची राजवट व दुसरें महायुद्ध यांत त्या घराची पांगापांग झाली. कोणी तुरुंगांत गेले, कोणी देशांतर केलें. लेखिकेचे पति १९४४ सालीं रोमच्या तुरुंगांत मरण पावले. तरीहि भावंडें पुष्कळ वर्षांनीं भेटलीं आणि जुनें एखादें वाक्य कोणीं उच्चारलें, कीं मधलीं वर्षें गळून पडत व तीं पुन्हा एका घरचीं होत. आपल्याहि शाळेंतून शिकून गेलेले विद्यार्थी आज पुण्यामुंबईस, कित्येक तर समुद्रापलीकडे आहेत. त्यांच्या घरच्या वाड्यांची विक्री झाली असेल, आजीचें भांडेंकुंडें वांटलें गेलें असेल. परंतु दूरध्वनीवरून आईनें ‘कोणतीं पांच मिनिटें?’ असें विचारलें तर तेवढ्यापुरतें तें घर जसेंच्या तसें उभें राहतें. पालकांनीं मुलांसाठीं ठेवण्याजोग्या ठेवींत या ठेवीचीहि गणना करावी.

येथवर या नाण्याची एक बाजू झाली. आतां दुसरी.

जो शब्द आंतल्यांना जवळ आणतो, तोच बाहेरच्याला दूर ठेवतो. पवित्र शास्त्रांतील शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत याची भयंकर कथा आहे. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोक पहारा देत होते. नदी उतरूं पाहणाराला ते ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राइमाच्या वंशजांना ‘श’ म्हणतां येत नसे. ते ‘सिब्बोलेथ’ म्हणत, आणि तेवढ्या एका अक्षरासाठीं त्यांचा तेथेंच वध होई. त्या वेळीं बेचाळीस हजार माणसें पडलीं असें शास्त्र सांगतें. आपल्या देशांतहि आंतल्यांचे शब्द पुष्कळ झाले. गिऱ्हाइकाला भाव कळूं नये म्हणून व्यापाऱ्यांनीं ‘नंदभाषा’ काढली. तिच्यांत ‘केवली’ म्हणजे एक, ‘अवारू’ म्हणजे दोन, ‘उधानू’ म्हणजे तीन. महानुभावांनीं आपले ग्रंथ ‘सकळ’ इत्यादि सांकेतिक लिपींत बंद करून ठेवले, त्यामुळें ‘लीळाचरित्रा’सारखें मराठीचें आद्य धन विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इतर मराठी वाचकांना दिसलें नाहीं. मुलांची ‘च’ची भाषा तर सर्वांच्या परिचयाची आहे, प्रत्येक शब्दाच्या आरंभीं ‘च’ आणून मूळचें अक्षर शेवटीं ढकलावयाचें, कीं झाली गुप्त भाषा! खेळ म्हणून ती मौजेची आहे. परंतु तीन मैत्रिणींपैकीं दोघींनाच ती येत असेल, तर तिसरीला तो खेळ कसा वाटत असेल?

नवी सून घरांत येते. सर्वजण एका शब्दावर खदखदा हंसतात, आणि ती बिचारी हंसावें कीं न हंसावें या विवंचनेंत ताटाकडे पाहत राहते. दुसऱ्या गांवाहून आलेला विद्यार्थी वर्गांत येतो. त्याच्या पाठीमागें एक शब्द कुजबुजला जातो, दहा तोंडें लपून हंसतात. तो शब्द आपल्याविषयीं आहे कीं काय, या शंकेंत त्याचा पहिला महिना जातो. येथें कोणीं कोणाला शिवी दिली नाहीं, कोणीं हात उगारला नाहीं. तरीहि नदीच्या उतारावरचा पहारा बसला आहे, हें निश्चित. यावर उपाय सोपा आहे. सूनबाईंना जवळ बसवून ‘अग, हा शब्द कसा निघाला ऐक,’ असें सासूबाईंनीं सांगितलें, कीं त्या क्षणीं ती घरची झाली. शब्दाचा अर्थ सांगणें म्हणजे घराची किल्ली हातीं देणें होय.

याहून गंभीर गोष्ट पुढें आहे. घरचा शब्द जोंपर्यंत वागणुकीला चिकटलेला असतो तोंपर्यंत तो विनोद असतो. माणसाला चिकटला कीं तो डाग होतो. वागणूक बदलतां येते, घटकेनें संपते, आज माझी असली तर उद्यां तुमची असूं शकते. माणसाला मात्र आपणा स्वतःमधून बाहेर पडतां येत नाहीं. ‘अभ्यासाची तहान’ लागलेला मुलगा पुस्तक हातीं घेतांच त्या शब्दांतून सुटतो. परंतु जो अडखळत बोलतो, ज्याचा रंग काळा आहे, ज्याचा एक पाय आंखूड आहे, ज्याचे वडील अमुक काम करतात, त्याला त्यावरून नांव पडलें तर त्यानें काय करावें म्हणजे तें सुटेल?

‘ढ’ या अक्षराचेंच उदाहरण घ्या. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांतील अशोकाच्या शिलालेखांत ब्राह्मी लिपीचा जो ‘ढ’ आढळतो, त्याची आकृति आजच्या ‘ढ’सारखीच आहे. इतर अक्षरें बदलत गेलीं, हें मात्र बावीसशें वर्षांत कांहींच शिकलें नाहीं; म्हणून जो विद्यार्थी पुढें सरकत नाहीं तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ति सांगतात. कल्पना चतुर आहे, यांत संशय नाहीं. अक्षराविषयीं केलेली ती थट्टा म्हणून कोणीहि हंसेल. परंतु हाच शब्द शिक्षकांच्या, आईबापांच्या व सोबत्यांच्या तोंडून एखाद्या आठ वर्षांच्या मुलाच्या कपाळीं बसला, तर त्याच्या मनांत काय उतरतें? आपण आज शिकलों नाहीं एवढेंच नव्हे, तर आपण शिकणारांपैकीं नाहींच, असें तो समजूं लागतो. आणि मग तो खरोखरच शिकत नाहीं. वर्गांत शेवटच्या बाकावर बसलेल्या कित्येक मुलांची बुद्धि मंद नसते. तिच्यावर कोणीं तरी एक अक्षर लिहून ठेवलेलें असतें.

शब्द माणसाला एकदां चिकटला कीं पुराव्याचीहि वाट पाहत नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावें’ या शब्दांतील ‘ध’चा ‘मा’ केला गेला व तो आनंदीबाईंनीं केला, असें परंपरा सांगते. हा आरोप निर्विवादपणें शाबीत झालेला नाहीं. पण ‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार रूढ झाला, आणि अडीचशें वर्षें प्रत्येक मराठी शाळेंतलें मूल त्या बाईला दोषी ठरवूनच तो शिकत आलें आहे. शुभवर्तमानांतील थोमाचें असेंच झालें. पुनरुत्थानाची वार्ता ऐकून त्यानें एकदां शंका घेतली, आणि जगांतील कित्येक भाषांत ‘संशयी थोमा’ ही म्हण होऊन बसली. परंतु त्याच योहानाच्या शुभवर्तमानांत, प्रभु संकटाच्या दिशेनें निघाले असतां, चला, आपणहि त्यांच्याबरोबर मरावयास जाऊं, असें सोबत्यांना सांगणारा शिष्य हाच थोमा होता. त्यावरून त्याला ‘धाडसी थोमा’ असें कोणीं म्हटलें नाहीं. एका दिवसाची एक शंका तेवढी जगानें उचलली.

शुभवर्तमानांत टोपणनांव देण्याची दुसरी रीतहि सांगितली आहे. शिमोन हा उतावळ्या स्वभावाचा कोळी. त्याला प्रभूनें ‘पेत्र’ म्हणजे खडक असें नांव दिलें. तो पुढें एका रात्रींत तीन वेळां डगमगला. तरीहि नांव काढून घेतलें गेलें नाहीं, आणि शेवटीं तो त्या नांवासारखा झाला. याकोब व योहान या तापट भावांना ‘गर्जनेचे पुत्र’ असें नांव मिळालें. त्यांत त्यांचा स्वभाव आहे, थोडी थट्टाहि आहे, पण तिरस्कार नाहीं. माणूस ज्या खड्ड्यांत पडला त्याचें नांव त्याला द्यावयाचें, कीं ज्या उंचीवर तो चढूं शकेल तिचें, हा निर्णय नांव देणाराच्या हातीं असतो.

‘आम्ही गंमत केली,’ असें उत्तर यावर नेहमीं मिळतें. गंमतीला कोणाचीच हरकत नाहीं. ती दोन्ही बाजूंची आहे कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. ‘पण तोहि हंसतो!’ असेंहि मुलें सांगतात. होय, हंसतो. न हंसला तर दुसरें नांव पडेल, हें त्याला कळत असतें. म्हणून हंसण्यावर विश्वासूं नये. मामा आपल्या पांच मिनिटांविषयीं स्वतः बोलतात. तसा तो मुलगा तें नांव स्वतः होऊन उच्चारतो काय, आणि ‘मला असें म्हणूं नका’ असें त्यानें म्हटलें तर तुम्ही तें तत्काळ सोडाल काय, हें पाहावें. पूर्वीं असें नांव इयत्तेबरोबर मागें पडे. शाळा बदलली कीं सुटका होई. आतां मुलांच्या हातीं मोबाईल आहे व वर्गावर्गाचे गट आहेत. एकदां लिहिलेलें नांव शाळा सुटल्यावरहि घरीं येतें, रात्रीं उशाशीं असतें आणि वर्षानुवर्षें पुसलें जात नाहीं.

तेव्हां नवा शब्द तोंडावाटे काढण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं, आणि त्यांच्याहून अधिक काळजीपूर्वक पालकांनीं व शिक्षकांनीं, तीन प्रश्न मनाशीं विचारावेत. हें नांव कृतीला आहे, कीं माणसाला? ज्याच्यावरून तें निघालें तो समोर बसला असतां मोकळेपणीं उच्चारतां येईल, आणि तो स्वतःहि तें वापरील काय? नव्यानें आलेल्याला त्याचा अर्थ सांगण्याची आपली तयारी आहे काय? तीन प्रश्नांचीं उत्तरें अनुकूल आलीं तर तो शब्द बेलाशक चालवावा. एकाचें जरी प्रतिकूल आलें, तर कितीहि चतुर असला तरी तो खोटा पैसा समजून टाकून द्यावा.

एक व्यावहारिक सूचनाहि करावीशी वाटते. निबंधांत व अर्जांत घरचे शब्द घालूं नयेत, हें खरें. कारण तेथें वाचणाराला आपलें घर ठाऊक नसतें. पण तेवढ्यावरून ते शब्द वायां जाऊं देऊं नयेत. येत्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें शंभर पानी एक वही घ्यावी आणि आजीआजोबांपासून धाकट्या भावंडापर्यंत सर्वांना विचारून आपल्या घरचा कोश करावा. शब्द कोणता, तो प्रथम कोणीं, कधीं व कशावरून काढला, त्याचा अर्थ काय, आणि तो वाक्यांत कसा वापरतात, हें प्रत्येकाखालीं लिहावें. पालकांनीं या कामीं मुलांना मदत करावी व स्वतःच्या बालपणींचे विसरलेले शब्द आठवून द्यावेत. लिहितां लिहितां एखाद्या शब्दाशीं लेखणी अडखळेल. त्याच्यावरून घरांतलें कोणी तरी दुखावलेलें आठवेल. तो शब्द वहींत घेऊं नये व पुन्हा तोंडींहि आणूं नये.

अशा वह्या घरोघर भरोत, आणि पुढच्या पिढीच्या हातीं जाईल तें नाणें चोख असो!